म्हणे, युक्रेनला स्वतःचं काही नाहीच!

युक्रेनचा विषय निघाला की एक फॉरवर्ड हमखास येतो: युक्रेनियन ही रशियनचीच बोली, तिथले चित्रकार मुळात रशियन, बोर्श्ट हे बीटचं सूपसुद्धा रशियन, आणि देश तर 1991चा, संस्कृती येणार कुठून?

आधी बोलीचं बघू. लिपी सारखी म्हणून भाषा एक, असं निदान मराठी माणसाने म्हणू नये. हिंदीही देवनागरीतच लिहितात. ‘धन्यवाद’ रशियनमध्ये ‘स्पासिबा’, युक्रेनियनमध्ये ‘द्याकुयू’. युक्रेनियनमध्ये आई म्हणजे ‘मामा’, हाक मारताना त्याचं ‘मामो’ होतं. शाळेत घोकलेली संबोधन विभक्ती तिथे रोजच्या बोलण्यात आहे. रशियनमधली जुनी संबोधन विभक्ती केव्हाच गळून पडली.

शिवाय ही भाषा नव्हतीच, तर झारच्या सरकारला तिची एवढी धास्ती का होती? 1863 साली गृहमंत्री वालुयेव यांच्या परिपत्रकाने तिच्यातली धार्मिक आणि शिकवण्याची पुस्तकं अडवली. 1876 साली दुसऱ्या अलेक्झांडरच्या हुकमाने बाहेरून पुस्तकं आणायला बंदी आली, नाटकं थांबली, स्वरलिपीखाली गाण्याचे शब्द छापणंही बंद झालं. त्याआधीची तऱ्हा कवी तारास शेवचेन्कोची. जन्माने भूदास, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचा. 1838 साली चित्रकार ब्रुलोव्हने काढलेल्या एका चित्राची सोडत काढून अडीच हजार रूबल जमवले, तेव्हा तो सुटला. पुढे 1847 साली कवितांपायी हद्दपारी झाली, वर लिहायला आणि चित्रं काढायला मनाई. गडी बुटाच्या नळीत चिमुकल्या वह्या लपवून लिहीत राहिला. (बोलीभाषेतल्या कवीचा एवढा धसका!)

चित्रकारांबाबत थोडं मान्य करतो. मालेविच कीवमध्ये जन्मला, घर पोलिश, नाव झालं रशियात. त्याच्यावर एकाच देशाचा शिक्का मारणं अवघडच. पण मारिया प्रिमाचेन्को? बोलोत्न्या गावची, स्वतःच शिकलेली, तिची विचित्र, फुलाफुलांची जनावरं 1937 साली पॅरिसच्या प्रदर्शनात पोचली. फेब्रुवारी 2022मध्ये इवान्कीवचं संग्रहालय जळालं, तेव्हा गावकऱ्यांनी आत शिरून तिची चित्रं बाहेर काढली. लंडनच्या नॅशनल गॅलरीनेही त्याच वर्षी फ्रेंच चित्रकार एद्गार दगाच्या ‘रशियन नर्तकीं’ना ‘युक्रेनियन नर्तकी’ केलं.

बोर्श्टवर फार शाई घालवत नाही. युक्रेनमधली ती रांधण्याची परंपरा युनेस्कोने जुलै 2022मध्ये तातडीने जपायच्या यादीत घेतली. ही नोंद म्हणजे सातबारा नव्हे. बीटचं हे सूप रशिया-पोलंडमध्येही शिजतंच.

राहिलं 1991. कीवचं सेंट सोफिया कॅथेड्रल अकराव्या शतकातलं. मॉस्कोचा पहिला लेखी उल्लेख 1147चा. त्या जुन्या कीवच्या राज्यावर दोघेही हक्क सांगतात, हे खरं. पण ‘तेव्हा काही नव्हतंच’ हे कुठल्याच बाजूने बसत नाही.

आणि ती ‘रशियन’ म्हणून फिरणारी नक्षीची अंडी अनेकदा युक्रेनची पिसान्का असतात. कच्चं अंडं घ्यायचं, बारीक नळीच्या लेखणीने वितळलेल्या मेणाच्या रेघा ओढायच्या, पिवळ्यात बुडवायचं, पुन्हा मेण, मग लाल, शेवटी काळा. आपल्या ओळखीचं बाटिकच, फक्त कवचावर. सोव्हिएत काळात ही प्रथा धार्मिक म्हणून नकोशी होती. परदेशी गेलेल्यांनी ती जपली. पिसान्का शब्द ‘पिसाती’वरून आला, म्हणजे लिहिणे. अंडं तिथे रंगवत नाहीत, लिहितात. सगळं झाल्यावर काळंकुट्ट, मेणाने बरबटलेलं अंडं मेणबत्तीच्या कडेला धरून फडक्याने पुसतात, आणि खाली झाकलेली पहिली पांढरी रेघ दिसू लागते.