डेसिमेट म्हणजे नेमके किती?

इंग्रजीच्या शुद्धतेचा आग्रह धरणारी मंडळी ‘डेसिमेट’ (मोठी हानी करणे) या क्रियापदावर हमखास अडून बसतात. साथीने एखादे सैन्य डेसिमेट झाले असे कोणी लिहिले, की ‘म्हणजे बरोबर दहा टक्केच मेले का?’ हा टोमणा ठरलेला. मला हा आग्रह अनाठायी वाटतो.

व्युत्पत्तीबद्दल वाद नाही. लॅटिनमध्ये ‘डेसेम’ म्हणजे दहा, आपल्या ‘दश’चेच भावंड, त्यावरून ‘डेसिमारे’, म्हणजे दहांतून एक वेचणे. रणांगणातून पळ काढलेल्या रोमन तुकडीला ही शिक्षा होत असे. चिठ्ठी ज्याच्या नावाची निघेल त्याला इतरांनी, म्हणजे कालपर्यंत त्याच्याच पंगतीला बसणाऱ्या सैनिकांनी, दांडक्यांनी ठेचून मारायचे. वाचलेल्यांना गव्हाऐवजी जवाचा शिधा मिळे आणि त्यांना तटबंदीबाहेर मुक्काम ठोकावा लागे. मागे पडलेली ही शिक्षा रोमन सेनापती क्रॅससने स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालील गुलामांच्या बंडाच्या वेळी पुन्हा अमलात आणली. गंमत अशी, की या शिक्षेचे तपशीलवार वर्णन करणारा ग्रीक इतिहासकार पॉलिबियस स्वतःच सांगतो, की कधी पाच, कधी आठ, कधी वीस जण निवडत आणि अंदाजे एक दशांश हे प्रमाण साधत. म्हणजे प्रत्यक्ष शिक्षेतही हिशेब सुमारेच होता!

इंग्रजीत आल्यावर या शब्दाने कराचाही अर्थ घेतला होता. इंग्लंडमध्ये राजेशाही बाजूला सारून आलेल्या क्रॉमवेलच्या राजवटीत १६५५ मध्ये राजनिष्ठांच्या, म्हणजे राजाच्या समर्थकांच्या, उत्पन्नावर बसवलेल्या एक दशांश कराला ‘डेसिमेशन’च म्हणत. तो अर्थ आज कोणाच्या ध्यानीमनीही नाही, आणि त्याबद्दल कोणी गळाही काढत नाही. ‘मोठी हानी करणे’ हा अर्थ मात्र सतराव्या शतकापासून चालत आलेला आहे. अमेरिकन समीक्षक रिचर्ड ग्रँट व्हाइट यांनी १८७० मध्ये त्यावर आक्षेप घेतला, तोवर तो चांगला मुरलेला होता. अभियांत्रिकीत तर संकेताचे (सिग्नलचे) नमुने निम्म्यावर आणले तरी त्याला बिनदिक्कत डेसिमेशन म्हणतात.

एका बाबतीत मात्र मी शुद्धिवाद्यांच्या बाजूचा आहे. ‘ऐंशी टक्के डेसिमेट झाले’ किंवा ‘पूर्णपणे डेसिमेट झाले’ ही वाक्ये खटकतात, कारण दहाचा अंक विसरला तरी कोणीतरी मागे उरणे हे या क्रियापदात गृहीतच आहे. एकटी इमारतही डेसिमेट होत नाही. ती कोसळते, जळते, जमीनदोस्त होते. सैन्य, कळप, कर्मचारीवर्ग अशा समुदायांबद्दल, शेजारी आकडा न ठेवता, मी हे क्रियापद निःशंकपणे वापरतो.