अक्षरी रुपये

सोसायटीच्या सेक्रेटरीपदाला कुणी उभं राहत नाही. ते पद "तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना?" एवढ्या एका प्रश्नावर गळ्यात पडतं. थकबाकीची नोटीस वर्डमध्ये एकदाच लिहायची, नाव, फ्लॅट, व्याज आणि मुदत यांच्या जागा मोकळ्या ठेवायच्या, एक्सेलची यादी जोडायची आणि मेल मर्ज करायचं, म्हणजे प्रत्येकाच्या नावाची नोटीस आपोआप तयार. चेअरमनसाहेबांच्या मते हे दोन मिनिटांचं काम.

एक्सेलमध्ये सगळं देखणं होतं. फ्लॅट 302 वाल्यांचे 18,500 रुपये थकलेले, 47 दिवस झालेले, उपविधीप्रमाणे 21 टक्के सरळव्याज, म्हणजे 500.26. नोटिशीत उमटलं 500.2602739726. एक्सेल आकडा दाखवताना केस कापून, भांग पाडून दाखवतं. वर्ड मात्र आतला आकडा आहे तसा उचलतं. 10 एप्रिलची मुदत अमेरिकी थाटात 4/10 अशी आली. खजिनदारांनी (तेही यादीत आहेत) ती तत्परतेने 4 ऑक्टोबर अशी वाचली आणि नोटीस उत्तम झाल्याचं सांगितलं.

अल्ट आणि एफ नऊ दाबलं की या मोकळ्या जागांच्या पोटातलं महिरपी कंसांचं गबाळ बाहेर येतं. तिथे शेवटी \# "0.00" असं शेपूट लावलं की पैसे दोन घरांत थांबतात. तारखेचं शेपूट वेगळं. तेही लावलं. खजिनदार नाराज झाले.

मग चेअरमनसाहेब म्हणाले, "रक्कम अक्षरी पण टाका हो. वजन येतं."

एक्सेलमध्ये रक्कम थाई अक्षरांत लिहून देणारं तयार फंक्शन आहे. खरंच आहे, बाहटटेक्स्ट नावाचं. मराठीचं नाही. आमच्याकडे थाई थकबाकीदार नसल्यामुळे मॅक्रोचं मॉड्यूल, म्हणजे एक्सेलला नवं काम शिकवणारा छोटा प्रोग्राम, घालणं आलं. इंटरनेटवर तयार मिळालेल्या मॉड्यूलने 302 वाल्यांना "फाइव्ह हंड्रेड डॉलर्स अँड ट्वेंटी सिक्स सेंट्स" व्याज लावलं. वसुलीच्या दृष्टीने कल्पना वाईट नव्हती.

मॉड्यूलमध्ये मराठी शब्द टंकले, तर तिथे नुसती प्रश्नचिन्हं. मॉड्यूल जिथे लिहायचं त्या एडिटरला देवनागरी कळतच नाही. म्हणून शब्द वेगळ्या शीटवर लिहून मॉड्यूलला तिथून उचलायला लावले. इंग्रजीत "ट्वेंटी"ला "टू" जोडला की भागतं. आपल्याकडे बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव: प्रत्येक दोनाचा वेगळा अवतार. एकोणनव्वदपर्यंत एकोण इमानदारीत चालतं आणि नव्व्याण्णवला दगा देतं. एकशे एक, एकशे दोन ठीक, पण नुसत्या शंभराला मॉड्यूल "एकशे शून्य" म्हणालं. त्याच्यासाठी स्वतंत्र अट. शेवटी नव्व्याण्णव ओळींचा तक्ता हाताने भरला. तळमजल्यावरच्या निवृत्त गुरुजींनी तो लाल पेनाने तपासला आणि सदुसष्ट ते एकोणसत्तर पुन्हा लिहायला सांगितलं.

पैशांची अक्षरं करण्याची ताकद उरली नव्हती. कमिटीने सव्वीस पैसे माफ केले. मॉड्यूल चाललं, मर्ज झालं, नोटिसा गेल्या.

संध्याकाळी 302 वाले लिफ्टपाशी भेटले. हातात नोटीस. शेवटच्या ओळीवर बोट: "अक्षरी रुपये पाचशे फक्त."

"सेक्रेटरीसाहेब," ते म्हणाले, "तुम्हीच म्हणताय ना फक्त? मग सोडून द्या की!"