.४५० मागे पडलं ते बंदीमुळे

‘.४५० नायट्रो एक्सप्रेस ताकदीला कमी पडलं म्हणून शिकाऱ्यांनी सोडलं’ हे लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. रिग्बी या बंदूक कंपनीने १८९८ मध्ये आणलेलं हे मोठ्या शिकारीचं काडतूस ४८० ग्रेनची (सुमारे ३१ ग्रॅमची) गोळी सेकंदाला सुमारे २१५० फुटांच्या वेगाने फेकायचं. हत्तीला आणखी काय हवं? इंग्रज सरकारने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात या बोअरवर (नळीच्या व्यासावर) बंदी घातली; बंडखोर त्यातल्या गोळ्या मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलीत वापरतील ही धास्ती. मग बंदी चुकवायला हॉलंड अँड हॉलंड या बंदूक कंपनीने .४६५ काढलं, .४७० आलं. वजन-वेग बघा, जवळपास तेच!

आपल्याकडे आजही .३०३ ‘प्रतिबंधित बोअर’ (साध्या परवान्यावर न मिळणारी), म्हणून पीक संरक्षणाच्या परवान्यावर .३१५ रायफल दिसते. गावी आमच्या घरीही तीच होती. इतक्या मोठ्या लेखात कायद्याचा साधा उल्लेख नाही, हे खटकलं.