कन्सोल बंद ठेवा, फॉर्म आपोआप सुधारेल

रिअ‍ॅक्ट या वेबपानं बांधायच्या लायब्ररीमधला फॉर्म बिघडला की नवशिके लगेच कन्सोल, म्हणजे ब्राउझरची चुका दाखवणारी खिडकी, उघडतात. तुम्ही तसं करू नका. तिथे लाल अक्षरांत कुणीतरी कळकळीने काहीतरी लिहून ठेवलेलं असतं, आणि ते वाचलं तर काम दोन मिनिटांत संपतं. मग उरलेल्या दिवसाचं काय करायचं?

समजा, इनपुटमध्ये टाइप करताय आणि अक्षरच उमटत नाही. तुम्ही 'व्हॅल्यू' (चौकटीत दाखवायचा मजकूर) दिलीत, 'ऑनचेंज' (टाइप केल्यावर चालणारं फंक्शन) दिलं नाहीत. म्हणजे या चौकटीत कायम हेच दिसलं पाहिजे, असा हुकूम तुम्हीच सोडलाय, आणि रिअ‍ॅक्ट बिचारं इमानदारीने तुमचं प्रत्येक अक्षर पुसतंय. कन्सोलमध्ये उपायही छापलेला आहे: ऑनचेंज द्या, नाहीतर डिफॉल्टव्हॅल्यू (फक्त सुरुवातीचा मजकूर) वापरा, नाहीतर रीडओन्ली (चौकट फक्त वाचायला) तरी लिहा. तिकडे ढुंकूनही बघू नका. नोड-मॉड्यूल्सचं, म्हणजे प्रोजेक्टच्या सगळ्या लायब्रऱ्यांचं, अख्खं फोल्डर उडवा आणि सगळं पुन्हा इन्स्टॉल करा. दुखणं म्हशीला, इंजेक्शन पखालीला, हे खरं. पण स्क्रीनवर ओळी सरसर सरकताना पाहून काहीतरी मोठं चाललंय असं मागून जाणाऱ्या मॅनेजरला वाटतं, हा फायदा थोडाथोडका नाही.

आता माझा लाडका बिघाड. एक अक्षर टाइप केलं की कर्सर गायब. पुन्हा क्लिक, पुन्हा एक अक्षर, पुन्हा गायब. हे सहसा कंपोनंटच्या (पानाचा एक तुकडा काढणाऱ्या फंक्शनच्या) पोटातच दुसरा कंपोनंट लिहिल्याने होतं. प्रत्येक रेंडरला, म्हणजे तुकडा पुन्हा काढताना, आतलं फंक्शन नव्याने जन्मतं, रिअ‍ॅक्टला तो कुणी वेगळाच कंपोनंट वाटतो, मग जुनी चौकट मोडून नवी बसवली जाते. तो कंपोनंट उचलून बाहेर ठेवणं अगदीच बाळबोध झालं. तुम्ही ऑटोफोकस लावा, म्हणजे चौकट जन्मताच कर्सर तिच्यात जाऊन बसेल. चौकट एकच असेल तर चमत्कार वाटेल इतकं छान चालतं. दोन असतील तर दोन्हींना लावा. मग वापरणारा नावाच्या चौकटीत 'मदन' लिहायला घेईल. 'म' नावात पडेल, दोन्ही चौकटी नव्याने जन्मतील, फोकस शेवटच्या चौकटीकडे जाईल आणि 'दन' ईमेलमध्ये उमटेल. टेस्टरने तक्रार केली तर सावकाश टाइप कर म्हणून सांगा.

स्टेट (कंपोनंटने लक्षात ठेवलेली माहिती) बदलल्यावर पुढच्याच ओळीत ते छापून बघायची सवय असेल तर ती मात्र मोडू नका. 'कमल' लिहिलं की 'कम' दिसेल. सगळं एक अक्षर मागे. इथे सेटटाइमआउट, म्हणजे 'थोडं थांबून चालव' ही आज्ञा, घालावा. एक सेकंद थांबा, पाच सेकंद थांबा, 'कम' ते 'कम'च. त्या फंक्शनच्या हातात त्या वेळच्या रेंडरचा फोटो आहे, आणि फोटोकडे कितीही वेळ बघत बसलं तरी त्यातला माणूस म्हातारा होत नाही. तरीही आकडा वाढवत राहा. निदान प्रयत्न केल्याची नोंद कोडमध्ये राहते.

पासवर्ड दाखवणारा डोळा फॉर्ममध्ये बटण म्हणून टाकताना त्याला टाइप (बटणाचा प्रकार) देऊ नका. फॉर्मच्या पोटातलं बटण, वेगळं सांगितलं नसेल तर, सबमिटच करतं. प्रिव्हेंट-डिफॉल्ट (ब्राउझरचं नेहमीचं सबमिट थांबवणारी ओळ) विसरला असाल आणि मेथडही (माहिती पाठवायची पद्धत) लिहिली नसेल तर ती 'गेट', म्हणजे माहिती पत्त्यातच जोडणारी, धरली जाते, पान रीलोड होतं आणि चौकटीला नेम दिलेलं असेल तर पासवर्ड थेट अ‍ॅड्रेस बारमध्ये झळकतो. पासवर्ड दाखवा म्हणाला होतात, दाखवला.

चेकबॉक्सची 'व्हॅल्यू' वाचा, 'चेक्ड' नको. टिक असो-नसो, 'ऑन'च मिळतं, मार्केटिंगवाले खूश. नंबरच्या चौकटीतून येणारा 5 प्रत्यक्षात स्ट्रिंग, म्हणजे आकडा नव्हे तर मजकूर, असतो, त्यात 1 मिळवलात की 51 होतात. वाढ झाली ना, मग?

एवढं करूनही सबमिटनंतर फॉर्म रिकामा होत नसेल, तर फॉर्मसाठी एखादी भलीमोठी लायब्ररी आणा. तीही नीट जमली नाही तर सगळं पुन्हा लिहायला दोन आठवडे मागून घ्या. तेवढ्यात शेजारचा सहकारी खुर्ची ओढून येईल आणि तुमची परवानगी न घेता कन्सोल उघडेल. तिथे सकाळपासून एकच ओळ पडून असेल: व्हॅल्यू होती, आता अनडिफाइन्ड झाली, असं करू नये. तुम्ही फॉर्म रिकामा करताना स्टेटमध्ये अनडिफाइन्ड, म्हणजे 'काही दिलेलंच नाही', टाकलं होतं. रिअ‍ॅक्टने त्याचा अर्थ 'या चौकटीवरचा हात काढला' असा घेतला आणि जुना मजकूर होता तिथेच राहू दिला. सहकारी ते अनडिफाइन्ड खोडून तिथे रिकामी अवतरणचिन्हं, म्हणजे कोरा मजकूर, टाकेल आणि चहाला निघून जाईल.

तो दाराबाहेर गेला की कमिट करा, म्हणजे बदल तुमच्या नावावर नोंदवा. मेसेज लिहा: 'फॉर्म मॉड्यूलची संपूर्ण पुनर्रचना'.