थेरपीत आठवण पुसत नाहीत

‘अपघातानंतर समुपदेशकाकडे जाऊ नका, ईएमडीआरच्या नावाखाली डोळ्यांपुढे बोट फिरवून संमोहित करतात आणि आठवणीच पुसतात’ असा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा आला. त्याचा हा खुलासा.

बोट फिरवतात, हे खरं. बाकी चूक. ईएमडीआर म्हणजे नजरेच्या हालचालींसोबत आघाताच्या आठवणीवर काम करण्याची मानसोपचार पद्धत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७च्या सुमारास ती शोधली. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आघातानंतरच्या तणावविकारासाठी तिची शिफारस केली. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. ट्रकचा हॉर्न, काच फुटल्याचा आवाज, असा एखादा क्षण मनात धरून तो थेरपिस्टच्या बोटामागे नजर डावी-उजवीकडे नेतो. थोड्या वेळाने थांबून विचारतात, ‘आता काय जाणवतंय?’ नको वाटलं तर हात वर करून थांबवता येतं. आठवण राहते, हॉर्न ऐकून छातीत धस्स होणं कमी व्हावं, एवढाच हेतू. (डोळ्यांच्या हालचालीचा त्यात वाटा किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे, तो वेगळा.)

‘थेरपी घेतल्याचं नोकरीवर कळतं’ हेही त्या मेसेजमध्ये होतं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. कोर्टाचा आदेश वगैरे मोजके अपवाद. त्यात साहेब बसत नाही. बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही.