तारकर्लीच्या बुकिंग साइटबद्दलच्या आपल्या तक्रारीस उत्तर

नमस्कार. नाताळच्या आठवड्यात, ऐन गर्दीच्या शनिवारी, आपल्या तारकर्लीच्या होमस्टेची बुकिंग साइट दीड तास बंद राहिली आणि ती आमच्या देखरेखीच्या सॉफ्टवेअरनेच पाडली, असे आपण लिहिले आहे. आपले म्हणणे खरे आहे आणि जबाबदारी माझी आहे.

त्या सकाळी, जिथून हे सॉफ्टवेअर तपासणी करत होते त्या आमच्या रत्नागिरीच्या कार्यालयापासून आपली साइट चालवणाऱ्या मुंबईच्या सर्व्हरपर्यंतची लाइन तुटली नव्हती, फक्त मंदावली होती. पाच सेकंदांत उत्तर आले नाही तर सर्व्हर बंद पडला असे धरून तो रीस्टार्ट करायचा, हा नियम मीच घातलेला होता. त्यामुळे नीट चाललेले तिन्ही सर्व्हर एकाच वेळी रीस्टार्ट झाले. सुरू होताना प्रत्येक सर्व्हर खोल्यांची सगळी माहिती डेटाबेसमधून नव्याने वाचतो. तिघांची मागणी एकदम आल्यावर डेटाबेस खरोखरच गुदमरला, उत्तरे आणखी लांबली आणि सॉफ्टवेअरने तिघांनाही पुन्हा रीस्टार्ट केले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा डेटा सेंटरशी संपर्क तुटल्याचे पाहून त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी (साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरील पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरांनी) स्वतःपर्यंत पोहोचण्याचे मार्ग इंटरनेटवरून आपोआप मागे घेतले होते. हे मला ठाऊक असूनही मी तसाच नियम ठेवला, याचे मला अधिक वाईट वाटते.

आता तपासणी दोन वेगळ्या ठिकाणांहून होते. एका वेळी एकच सर्व्हर रीस्टार्ट होतो, दोन प्रयत्नांमधील अंतर दर वेळी वाढत जाते आणि तिन्ही सर्व्हर एकदम बंद दिसले तर सॉफ्टवेअर कशालाही हात न लावता थेट मला फोन करते. आपल्याला आलेल्या शंभरावर एसएमएसऐवजी एका बिघाडाचा एकच संदेश येईल.

स्वयंचलित रीस्टार्ट कायमचा बंद करावा, ही आपली सूचना मात्र मला पटत नाही. एखादा सर्व्हर पहाटे तीनला एकटाच अडकतो, तेव्हा तोच उपाय आपल्या पाहुण्यांच्या उपयोगी पडतो.

डिसेंबरचे शुल्क आपल्याला परत केले आहे. येत्या बुधवारी दुपारी चाचणीच्या सर्व्हरांवर आम्ही लाइन मुद्दाम मंद करून हे सर्व पुन्हा तपासणार आहोत. आपण फोनवर सोबत राहिलात तर प्रत्येक टप्पा मी स्वतः आपल्याला दाखवीन.