नोव्हेंबर आला की माती खायची!

ऑक्टोबर २०२४ संपताना अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधल्या आमच्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघाचे ७ विजय, १ पराभव. एसईसीत (साउथईस्टर्न कॉन्फरन्स, आमचा विद्यापीठांचा गट) तर एकही हार नाही. आणि मग? साउथ कॅरोलायनाने ४४-२० धुतलं. ऑबर्नविरुद्ध ४ ओव्हरटाइम (बरोबरी फोडायचे जादा डाव) झुंजून ४३-४१ हरलो. जुन्या प्रतिस्पर्धी टेक्सास विद्यापीठाशी १३ वर्षांनी गाठ पडली, तीही घरच्या काइल फील्डवर, लाखभर लोक घसा फोडून ओरडतायत, आणि १७-७ हरलो! ते ७ गुणही डिफेन्सच्या (बचावफळीच्या) इंटरसेप्शनमुळे, म्हणजे समोरच्यांचा पास मध्येच पकडल्यामुळे मिळालेले. ऑफेन्सने (आक्रमणफळीने) खातंच उघडलं नाही, अरे लाज वाटू द्या! हंगामानंतरच्या बाउल सामन्यात यूएससीविरुद्ध (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) २४-७ आघाडी होती, तीही घालवली. २०२५ मध्ये ११ विजय, ० पराभव अशा स्थितीवरून पुन्हा टेक्सासकडूनच हार. त्या डिफेन्सच्या पोरांसाठी जीव तुटतो हो!